सळईची विहीर

फार वर्षांपूर्वी, यंत्रं आपसांत बोलत असत तेव्हा, एका वर्कशॉपच्या कोपऱ्यात स्टेनलेस स्टीलची एक सळई उभी होती. तिच्या जोडीच्या सळया पंपाचे शाफ्ट होऊन विहिरींत उतरल्या होत्या. तिलाही त्या पाण्याची ओढ लागली होती.

अखेर मल्लाप्पा मिस्त्रीनं तिला लेथवर, धातू गरगर फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, चढवलं. समोरचं कापायचं टूल नवं होतं आणि मनानं हळवं होतं.

"तुला दुखेल," ते म्हणालं. "मी वरवरच फिरेन."

"नको. खोल काप मला," सळई म्हणाली.

पण टूलचा धीर होईना. ते नुसतं घासत राहिलं. हे स्टील असं घासलं की आणखी कठीण होतं. बघता बघता सळईची कातडी टणक झाली आणि टूलची धार जळून गेली.

मिस्त्रीनं सळईवरून हात फिरवला. "ही गेली आता कामातून," असं म्हणत त्यानं तिला पुन्हा कोपऱ्यात उभं केलं.

पुढे टूलला नवी धार मिळाली आणि ते खोल कापायलाही शिकलं. त्यानं कापलेले शाफ्ट रोज विहिरींकडे जात. एके दिवशी त्यानं भीत भीत विचारलं, "तुला तेव्हा फार दुखलं नाही ना?"

"अजिबात नाही," सळई म्हणाली. "फक्त विहीर किती खोल असते, तेवढं कळायचं राहिलं."