लख्ख गाडगं

"मग बाबा, वरच्या वावरातही मारू ना औषध? आत्ताच? पंप भरूनच आणलाय!"

शेवंता धापा टाकत झोपडीच्या ओट्याशी उभी होती. पाठीवर फवारणीचा पंप, हातात गव्हाचं हिरवंगार पान.

कमरअली फकीर ताटात भाकरी कुस्करत बसले होते. शेवंता त्यांची चेली. रोज यायची, झाडलोट करायची, बाबांचे चार शब्द पदरात बांधून घरी न्यायची.

"बघा तरी! खालच्या वावरात तांबेरा पडला होता. पानाला हात लावला की बोटं गंजल्यासारखी व्हायची. झोप उडाली होती माझी. औषध मारलं, आणि आता बघा कसं लख्ख! लेकराची वर्षाची चपाती वाचली, बाबा!"

"चांगलं केलंस."

"आता वरचंही धुऊन काढते."

"वर तांबेरा आहे?"

"नाही हो. पण घोर नको जिवाला. पानावर काही म्हणता काही राहायला नको!"

बाबा हसले.

"आधी दही वाढ, पोरी."

पंप खाली ठेवून ती आत गेली. गाडगं घेऊन आली, ताटात कलतं केलं... आणि पांढरी धार भळाभळा सांडली.

"अगं बाई! हे तर दूधच!"

"रात्री ओतलं होतं. रोजच्यासारखं."

"मग दही लागलं कसं नाही?"

"गाडगं कुणी घासलं?"

"मीच की! काल राखेनं घासलं, वर उकळतं पाणी ओतलं. तळाला कधीचं आंबूस दही चिकटलं होतं, शी! म्हटलं, बाबांच्या पोटात असलं..."

ती थांबली.

"त्याच दह्यावर रोज दूध ओतत होता तुम्ही?"

बाबा दूधभाकरी कालवू लागले.

शेवंतानं पान उलटं केलं. सुलटं केलं. उन्हात धरलं.

"पण पानावर तर कुणीच दिसत नाही, बाबा."

"गाडग्यात दिसायचं?"

...

शेवंतानं पान डोळ्यांशी नेलं. "म्हणजे इथंही राहतं कुणीतरी? विरजणासारखं, घरचं? तांबेऱ्याला दारातच अडवणारं?" ती झोपडीसमोरच्या बांधाकडे धावली, परत आली. "अहो बाबा, केवढं गाव म्हणायचं हे, एवढ्याशा पानावर! आणि औषधाला काय कळतंय, चोर कोण नि घरचा कोण!"

बोलता बोलता तिचा चेहरा उतरला.

"मग खालच्या वावरातलं सगळं मी धुऊन काढलं की हो... दह्याचं एक असू दे, शेजारणीकडून विरजण आणीन. त्या पानांना कुठून आणू?"

बाबांनी मान वर केली. वारा सुटला होता. वरच्या वावरातला गहू बांधावरून खालच्या गव्हावर झुकत होता, उठत होता, पुन्हा झुकत होता.

"शेजारीण आहे की. तिचं गाडगं तेवढं घासू नकोस."