पैलवानाची भाकरी

"समान म्हणजे समान! कुणाला क्षणभरही जास्त नाही!" राजा कीर्तिपालाने हुकूम सोडला.

झालं होतं असं, की राजाच्या पाठशाळेत गोजरी नावाची मुलगी शिकत होती. तिला फार अंधूक दिसायचं. गुरुजी तिचं बोट धरून वाळूत मोठाली अक्षरं गिरवून घेत. त्याला वेळ लागे. "माझ्या मुलाच्या वाट्याचा वेळ जातो!" अशी तक्रार धनपाल शेटजींनी केली आणि हा हुकूम निघाला. आता गोजरीचं अक्षर अर्धवट असतानाच शिपाई ओरडायचा, "पुढचा!"

गोजरी रडत घरी येऊ लागली. तिची थोरली बहीण येसू राजवाड्यात जेवण वाढायची. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, गोजरीला थोडा जास्त वेळ द्या."

"एकाला जास्त देऊनही वाटप समान राहतं? उद्यापर्यंत सिद्ध कर! नाही तर बहिणीची शाळा बंद!"

 दुसऱ्या दिवशी राजवाड्यात पंगत बसली, तेव्हा तिने प्रत्येकाला एकेकच भाकरी वाढली. छोट्या राजपुत्राने अर्धी टाकली. रंगाप्पा पैलवानाने दोन घासांत संपवली.

"वाढ गं आणखी!"

"नाही, काका. समान म्हणजे समान!"

राजा भडकला. "अगं, उद्या त्याची कुस्ती आहे! वाढ त्याला!"

"किती वाढू, महाराज?"

"पोट भरेपर्यंत! त्यालाही आणि सगळ्यांनाच!"

"म्हणजे काकांना दहा आणि राजपुत्रांना अर्धी? मग समान वाटप कुठं राहिलं?"

"राहिलं की! कुणीच उपाशी उठलं नाही, म्हणजे समानच!"

येसूचा आवाज हळू झाला. "महाराज, गोजरी पाठशाळेतून रोज उपाशी उठते."

 राजाचा घास हातातच राहिला. मग तो असा खदखदून हसला, की त्याला ठसकाच लागला!

"मला माझ्याच शब्दांनी हरवलंस! प्रत्येकाला धडा समजेपर्यंत शिकवायचं, हा आजपासून हुकूम!"

"आणि माझा मुलगा ताटकळत बसणार?" पंगतीत बसलेले शेटजी कुरकुरले.

"बक्षीस माग, येसू," राजा म्हणाला.

"आणखी एक गुरुजी द्या, महाराज. शेटजींचा मुलगाही ताटकळायला नको."

"एक काय, दोन नेमतो! पण आधी रंगाप्पाला वाढ गं. तो माझ्याच ताटाकडे बघतोय!"