गुणाजीला मोगरा कळला

एका गावात भोळी माणसं पुष्कळ होती. पण 'भोळा कोण?' असं विचारलं की सगळे गुणाजीकडे बोट दाखवायचे. आणि गुणाजी त्या बोटाकडे बघायचा. बोटाला काय लागलं म्हणून.

गुणाजीची बायको सगुणा. एकदा तिनं केसांत मोगऱ्याचा गजरा माळला, नवऱ्यासमोर आली आणि हळूच म्हणाली,

"अहो, वास आला का?"

"आला."

"मग? काय वाटतंय?"

गुणाजीनं नीट विचार केला. "शिंक येईलसं वाटतंय," तो म्हणाला. आणि ती आलीच.

सगुणानं गाठोडं बांधलं. "फुलाचा वास आल्यावर माणसाला काय वाटतं, ते कळलं की न्यायला या!" असं म्हणून ती तणतणत माहेरी गेली.

घर ओकंबोकं झालं. गुणाजीनं पिठलं केलं. ते त्यालाच गिळवेना. शेवटी तो बाजारात रसूलचाचा अत्तरवाल्याकडे गेला.

"चाचा, मोगऱ्याचा वास आला की काय वाटतं?"

चाचांनी अत्तराचा फाया त्याच्या नाकाशी धरला. "डोळे मिट भाऊ. हं, आता काय दिसतं?"

"काही नाही. डोळे मिटलेत."

"अरे, मनाला काय दिसतं? कुणाला बाग दिसते, कुणाला चांदणं दिसतं."

गुणाजीनं एक डोळा उघडला. "मला भेंडीवाला दिसतोय."

चाचांनी कपाळाला हात लावला. "ही कुपी घे. एक थेंब बायकोच्या कानामागे लाव. माणूस हवेत तरंगायला लागतं!"

"अरे बापरे! मग खाली कसं आणायचं?"

"घट्ट धरून ठेव!" चाचा हसत म्हणाले.

गुणाजी हसला नाही. त्यानं शेजारच्या दुकानातून एक मजबूत दावं घेतलं आणि सासुरवाडीची वाट धरली.

वाटेतल्या गावात पारावर पोलीस पाटील झोपले होते. गुणाजीनं विचार केला, एकदम बायकोवर प्रयोग नको. आधी सरकारी माणसावर करून बघू. त्यानं पाटलांच्या कानामागे थेंब लावला. पाय दाव्यानं बांधला. दाव्याचं दुसरं टोक कमरेला गुंडाळून तो उभा राहिला.

पाटलांच्या मिशा हलल्या. ते झोपेतच हसले. "वा वा! काय गार वाटतंय. उडतोय जणू..."

"उडाले!" गुणाजी ओरडला आणि जीव खाऊन त्यानं दावं ओढलं.

पाटील पारावरून खाली आले. चांगलेच खाली आले.

"गाढवा! सुवासात रमलेल्या माणसाला कुणी बांधतं का?" पाटील कंबर चोळत म्हणाले. "अशा वेळी गुपचूप बाजूला उभं राहावं, मान डोलवावी आणि म्हणावं, वाहवा, असंच दरवळू दे!"

"चुकलं. आता तसंच करीन."

पाटलांनी दावं ठेवून घेतलं. अत्तराची कुपीही ठेवून घेतली. पुरावा म्हणून.

गुणाजी रिकाम्या हातानं पुढे निघाला. एका मळ्यात ताराबाईंची कडब्याची गंजी होती. गंजीतून धूर येत होता. खमंग वास सुटला होता. गुणाजी गुपचूप बाजूला उभा राहिला. त्यानं मान डोलवली.

"वाहवा! असंच दरवळू दे!"

ताराबाई विहिरीवरून घागर घेऊन धावत आल्या. आग विझली, पण त्यांचा राग काही विझेना.

"मेल्या, गंजी पेटली आणि तू माना कसल्या डोलवतोस? धूर दिसला की घागर उचलायची, पाणी ओतायचं. विचारत बसायचं नाही!"

"चुकलं. आता तसंच करीन," गुणाजी म्हणाला. आणि विचारत न बसता त्यांची घागरच घेऊन गेला.

ओढ्यावर त्यानं ती भरून घेतली. सासुरवाडीच्या वेशीत महादेवाचं देऊळ. आत गुरव डोळे मिटून धूपारती करत होते. धुराचे लोट उठले होते. गुणाजीनं घागर उचलली. विचारलं नाही. ओतली.

धूप विझला. गुरवांच्या शेंडीतून पाणी ठिबकू लागलं.

"अरे करंट्या!" गुरव कुडकुडत ओरडले. "गावातली आग आणि देवाचा धूप एक का? सुवास आला की जिथून येतो तिथं लोटांगण घालावं! डोळे मिटून पायावर डोकं ठेवावं. मनातलं सगळं बोलून टाकावं. 'ऊठ' असं ऐकू येईपर्यंत डोळे उघडू नयेत!"

"चुकलं. आता अगदी तसंच करीन."

इकडे सगुणा माहेरच्या अंगणात गजरा माळून बसली होती. तिची आई म्हणाली, "अगं, जावई येताहेत. हात हलवत येताहेत."

"येऊ देत!" सगुणा उसळली. गजरा ओढून तिनं गोठ्याकडे भिरकावला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

गजरा गव्हाणीत पडला. गव्हाणीपाशी चंद्री म्हैस उभी होती. तिनं तो चवीनं खाल्ला आणि मग सावकाश रवंथ करू लागली.

गुणाजी अंगणात आला. मोगऱ्याचा वास! त्यानं लगेच डोळे मिटले. वासाच्या मागोमाग चाचपडत, तुळशीवृंदावनाला धडकून, तो गोठ्यात पोचला. वास अगदी समोरून येत होता. त्यानं लोटांगण घातलं आणि चारांपैकी दोन पाय धरले.

"सगुणे, माझं चुकलं. तू गेलीस आणि घराचा वासच गेला. चूल नुसती राखेची. घोंगडीला नुसता माझाच वास. त्याला काय हुंगायचं?"

दाराची फट जरा मोठी झाली. सगुणा ऐकू लागली.

"तू विचारलंस, काय वाटतं. आत्ता मोगऱ्याचा वास आला आणि कळलं बघ. जत्रेतला पाळणा वरून खाली येतो ना, तेव्हा पोटात कसं कालवतं? तसं वाटतं. भीती वाटते. हसू येतं. आणि पाळणा थांबूच नये, असंही वाटतं. तुझा वास आला की मी अख्खा पाळणा होतो गं!"

चंद्रीनं एक मोठा, गरम, मोगऱ्याचा उसासा सोडला.

"रडू नको," गुणाजी म्हणाला.

चंद्रीनं त्याचं टक्कल खालपासून वरपर्यंत चाटलं.

गुणाजी लाजून लाल झाला. "अगं, आई बघतील ना!"

दारात खरंच आई होत्या. पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या होत्या. सगुणाचे डोळे मात्र भरून आले होते. लग्न झाल्यापासून हा माणूस इतकं कधी बोलला नव्हता. बोलला म्हशीशी, पण बोलला होता तिच्याचबद्दल. तिनं डोळे पुसले आणि गाठोडं काखोटीला मारलं. सगुणा त्या दिवशी नांदायला परत आली, यात खोटं नाही. पण निघता निघता जे झालं, त्यानं ती निम्मी वाट त्याच्याशी बोलली नाही आणि उरलेली निम्मी वाट पोट धरून हसली.

झालं एवढंच. सगुणा गोठ्याच्या दाराशी आली आणि मऊ आवाजात म्हणाली,

"उठा आता. चला घरी."

गुणाजी उठला. त्यानं डोळे उघडले. समोर चंद्री. त्यानं तिला शिंगांपासून शेपटीपर्यंत प्रेमानं न्याहाळलं. दोन्ही हात पसरून मापही घेतलं. मग खूश होऊन म्हणाला,

"सगुणे, माहेरचं पाणी चांगलंच मानवलं की गं तुला!"