सक्तीचा विषय

केतकीची इतिहासाची पदवी अडकली ती बालसंगोपनात! कॉलेजात हा विषय सगळ्यांनाच सक्तीचा, आणि हिची हजेरी कमी; कारण घरी तान्ही मुलगी तापाने फणफणलेली. वर्ष वाया जाणार या धास्तीने ती मुलीला कडेवर घेऊनच प्राचार्य खांबेट्यांपुढे उभी राहिली.

"सर, तेवढे दिवस मी प्रात्यक्षिकच करत होते हो."

"सबबी नकोत! सुशिक्षित माणसाला सगळं थोडंथोडं आलंच पाहिजे."

केतकीने मुलगी अलगद त्यांच्या मांडीवर ठेवली. मुलीने भोकाड पसरलं.

"अहो, घ्या हिला! मला नाही जमत हे!"

"मग सर, पुढच्या वर्षी आपण दोघंही बसू या त्या वर्गात."

हजेरी माफ झाली. मुलगी मात्र आईकडेही रडतच राहिली. आपण तरी कुठे पास झालोय, असं केतकीला वाटलं.