गुडघ्याएवढी फीत

तळ्याच्या काठावर ती लाल फीत बांधलेली दिसते ना? शर्यतीची फीत छातीएवढ्या उंचीवर असते, ही गुडघ्याएवढी. दरसाल एखादा पाहुणा पोरांना हाक मारून चूक दाखवतो आणि पोरे गालातल्या गालात हसतात. धावणारे आत्ताच निघालेत, तोवर बसा आणि ऐका.

आमचे विद्यापीठ नवे होते तेव्हाची गोष्ट. माळावर चार इमारती आणि भोवती अर्धवट कुंपण. आमच्या निंबखोऱ्याची गुरे ज्या वाटेने तळ्यावर पाण्याला जात, ती नेमकी आवाराच्या मधून जायची. पहिले कुलगुरू मोठे हौशी गृहस्थ होते असे सांगतात. त्यांनी लावलेले गुलाब गुरांनी एकदा सोडून दोनदा फस्त केले, तेव्हा त्यांनी वाटच बंद करायचे ठरवले. दुसरे पाणी डोंगरापलीकडे. उन्हाळ्यात म्हातारी जनावरे तिथवर पोचलीच नसती.

मानाजी गवळ्याने कचेरीच्या पायऱ्यांवर ठाण मांडले. हात जोडून झाले, भांडून झाले. शेवटी कुलगुरू म्हणे कंटाळून हसत म्हणाले, की उद्या याच वाटेवर आमच्या मुलांची शर्यत आहे. तुमची गुरे मुलांच्या आधी तळ्यावर पोचली तर वाट तुमची. साहेबांनी थट्टा केली होती. मानाजीने मात्र तो शब्द पक्का धरला आणि म्हसोबाला नारळ कबूल करून घरी गेला.

तहानलेली गुरे पाण्याकडे कशी धावतात हे त्याला ठाऊक होते. अडचण एकच होती. चांद्री नावाच्या गाईची घंटा वाजल्याशिवाय कळप पाऊल उचलत नसे, आणि चांद्रीचे दिवस भरलेले. तिला नेऊ नका, असे त्याच्या बायकोने, पारूबाईने, बजावले होते. मानाजीने ऐकले नाही. त्याला कोणी नाइलाज म्हणतात. मला विचाराल तर हट्टच.

सकाळी शिट्टी झाली आणि चांद्रीच्या मागे कळप असा सुटला की पोरे धुळीत दिसेनाशी झाली. पण वडाच्या वळणावर चांद्री थांबली आणि खाली बसली. कळपही थांबला. वासराचे पाय दिसत होते, पण ते अडले होते. वाट तर गेलीच होती, आता गाईचेही काही खरे नव्हते.

तेवढ्यात पहिला धावणारा आला, माणदेशातला हरिबा लोखंडे. समोर तळे दिसत होते आणि मागे जवळपास कोणी नव्हते. तो पुढे निघून गेला होता, असे सांगतात, पण परत फिरला. मानाजी त्याला म्हणाला, "जा बाबा तू, तुझी शर्यत हाय."

"मामा, तुमी तिला धरा," हरिबा खाली बसत म्हणाला. "मी वासरू वढतो."

मागून येणारा एकेक गडी तिथे थांबत गेला. पुढे कोणीच गेले नाही. बऱ्याच खटपटीने वासरू सुटले, चांद्रीने त्याला चाटून कोरडे केले आणि तीही उठून उभी राहिली. मग मानाजीने वासरू खांद्यावर घेतले. मागे चांद्री, तिच्यामागे कळप आणि कळपाच्या मागे सगळी शर्यत, चालत.

तळ्याकाठी कुलगुरू घड्याळ हातात घेऊन केव्हाचे ताटकळले होते. मानाजी खोटे बोलणारा नव्हता. त्याने मान खाली घालून सांगितले, "सायेब, पोरं म्होरं हुती. वाट तुमची."

"नाही सर," हरिबा म्हणाला. "वासरू पुढं आहे. आम्ही सगळे मागं आहोत."

कुलगुरूंनी घड्याळ खिशात टाकले. मग अंगातल्या कोटाची पर्वा न करता ते ओल्या मातीत बसले, फितीच्या गाठी सोडल्या आणि ती खाली, वासराच्या छातीएवढी बांधली. मानाजीने वासरू उतरवले. ते धडपडले, पुन्हा उठले आणि फीत घेऊनच पाण्यापाशी गेले. मानाजी तेव्हा रडला म्हणे.

त्या वाटेवर आजही फाटक नाही. आजही शर्यतीच्या सकाळी गावातले सर्वांत धाकटे वासरू आधी फीत तोडते, मग धावणारे येतात: प्राध्यापक, पोरे, पदर खोचलेल्या भाजीवाल्या बायका. माणसांचे नंबर दुसऱ्यापासून मोजतात. माझी नात गेल्या वर्षी दुसरी आली, तेव्हा मी गावभर पेढे वाटले. पहिले आलेले तर आमच्याच गोठ्यातले होते.