कंपासचे टोक

एका जुन्या शहरात नगररचना शिकवणारे एक वृद्ध गुरुजी राहत असत. एकदा त्यांच्या शिष्याने शहराचा नवा आराखडा काढून आणला. दुसऱ्या दिवशी तो नगरसभेपुढे ठेवायचा होता.

आराखडा सुबक होता. मध्यभागी कचेऱ्यांचा मोठा चौक, भोवती दुकानांचे वर्तुळ, मग घरांचे, सर्वांत बाहेर कारागिरांचे. टोपल्या आणि सुपे विणणाऱ्यांची बुरूड आळी तेवढी घरांच्या वर्तुळात येत होती. म्हणून शिष्याने तिची चाळीस घरे नदीपलीकडे हलवली होती.

गुरुजींनी आराखडा नीट पाहिला. नकाशा गुंडाळून, कंपास खिशात घालून ते शिष्यासह बुरूड आळीत गेले. ओट्यावर म्हाताऱ्या अनसूयाबाई बांबूच्या कामट्या तासत बसल्या होत्या.

"काय गुरुजी, परत सूप मोडलं वाटतं!"

"सूप शाबूत आहे. सकाळी सहज येऊन गेलो, तुम्ही नव्हता."

"गावात गेले होते."

शिष्याला हसू आले. "आजी, तुम्ही गावातच तर राहता. चौक दहा मिनिटांवर आहे."

"चौक? तो वेशीबाहेर, लेकरा. माझ्या लहानपणी तिथं गुरं बसायची."

गुरुजींनी नकाशा ओट्यावर पसरला आणि कंपास अनसूयाबाईंच्या हाती दिला. "बाई, गाव जिथं आहे तिथं हे टोक रोवा."

"मला शाळेत बसवता आता?" असे म्हणत त्यांनी हात पदराला पुसले. विहिरीजवळचा जुना भाजीबाजार शोधून त्यांनी टोक दाबले. "हे गाव. भाजीवालीची टोपली उसवली की ती पळत माझ्याकडं येते. नदीपलीकडं कोण येईल पळत?"

गुरुजींनी त्याच टोकावरून एक लहान वर्तुळ काढले. बुरूड आळी पहिल्याच वर्तुळात आली.

परतताना शिष्य खट्टू होऊन म्हणाला, "म्हणजे माझी वर्तुळे चुकली."

गुरुजी तांबट आळीच्या कोपऱ्यावर थांबले. पाटीवर नाव अजून तांबटांचेच होते. दुकानांत मोबाईलची कव्हरे टांगलेली होती.

"इथे माझी पावले अजून मंदावतात," ते म्हणाले. "हातोड्यांचा इतका नाद असे की शेजारच्यालाही हाक मारून बोलावे लागे. ही आळी मी हलवली. तुझ्याच वयाचा होतो. वर्तुळे चुकीची नसतात रे. कोणी शहर वर्तुळांत मांडतो, कोणी संत्र्याच्या फोडींसारखे, कोणी म्हणतो शहराला मध्य एक नसतो, चार-पाच असतात. शहर समजायला सगळ्यांचा उपयोग होतो. पण टोक आपण न विचारता रोवतो. माझ्या नकाशाला टोकाचे भोक कुठे पडले होते, हे मी फार उशिरा पाहिले. माझ्याच कचेरीवर."

शिष्याने नकाशा उन्हाकडे धरला. उजेडाचे दोन ठिपके दिसले. एक भाजीबाजारावर. दुसरा चौकातल्या कचेरीवर, जिथे त्याचे स्वतःचे कामाचे टेबल होते तिथे. त्याने नकाशा खाली घेतला आणि गुरुजींकडे खोडरबर मागितले.

दुसऱ्या दिवशी सभेत अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारले, "बुरूड आळी बाहेर जायची होती ना? ती इथेच कशी?"

शिष्य हळूच म्हणाला, "साहेब, ती गावात आहे."