राखेच्या रेघांचं घर

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हाही माणसांना आपलं घर लहान आणि शेजाऱ्याचं मोठं वाटायचं. म्हणजे काळ जुना असला तरी माणसं आपल्यासारखीच होती.

एका गावात एक तांबट राहत होता. त्याच्या हंड्या-घागरींना दूरदूरहून मागणी येई. घर मात्र बुटकं आणि काळोखं. पाहुणा आला की आधी त्याचं डोकं चौकटीला आपटे, मग रामराम होई. मुलाचं लग्न ठरलं तसं तांबटाने मनावर घेतलं. घर वाढवायचं.

झालं, रोज जेवताना घराचेच बेत. तांबटाला गिऱ्हाइकांसाठी ऐसपैस ओटी हवी होती. त्याच्या बायकोला पूर्वेची खिडकी असलेलं स्वयंपाकघर हवं होतं. मुलाला दार लागेल अशी खोली हवी होती, आणि ती कशाला, असं विचारलं की तो खाली ताटात बघे. पाहुण्यांची खोली सगळ्यांत मोठी ठेवायची, यावर तर तिघांचंही एकमत झालं. म्हशीच्या गोठ्याला नवं छप्पर ठरलं. मांजरासाठी चुलीमागे उबदार कोनाडाही ठरला.

हे सगळे बेत ऐकत एक बाई त्यांना वाढत असे. ती तांबटाची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमचीच. तांबट तिला आक्का म्हणे, त्याची बायको वन्सं म्हणे, मुलगा आत्या म्हणे, आणि या तीन हाकांपैकी एक तरी घरात दिवसभर चालूच असे. विकायची भांडी चिंचेने घासून लख्ख करायचं कामही तिचंच. तिच्या बोटांच्या चिरा कधी भरून येत नसत.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. जुन्या भिंतीला हात लावण्याआधी नवं घर खळ्यात चुलीच्या राखेने आखायचं, खऱ्या घराएवढंच. घरच्यांनी एक दिवस त्या रेघांमध्ये राहायचं. दारातूनच जायचं-यायचं, रेघ ओलांडायची नाही. दिवस कलला की गावची सुईण येई. जिच्या हातून माणूस घरात येतो, तिनेच त्याची जागा बघावी, असं गावाचं म्हणणं. तिच्यासमोर प्रत्येकाने आपली वळकटी आपल्या जागी पसरायची. ज्याची वळकटी रेघांच्या आत नाही, तो त्या घराचा नाही. हा नियम म्हणे ठाण मांडून बसलेल्या कुणा जावयाला घालवण्यासाठी केला होता. त्यानंतर तो वापरायची वेळ कधी आली नव्हती.

ठरल्या दिवशी राख चाळली ती आक्कानेच. रेघाही तिनेच ओढल्या, कारण तिचा हात सरळ. तांबट सांगत गेला, ती ओढत गेली. मग गाव जमलं. नसलेलं दार लावून मुलगा आपल्या खोलीत ऐटीत बसला, तेव्हा हसता हसता लोकांची पुरेवाट झाली. तांबटाची बायको हवेतल्या खिडकीतून शेजारणीशी बोलून आली. आक्का दारादारातून वळसे घेत सगळ्यांना वाढत होती.

ऊन उतरलं तशी सुईण काठी टेकत आली. "घ्या जागा," ती म्हणाली.

तांबटाने वळकटी पसरली. बायकोने पसरली, मुलाने पसरली. गोठ्याच्या रेघेत म्हैस केव्हाची रवंथ करत बसली होती.

आक्का राखेने आखलेल्या चौकाच्या मधोमध उभी होती. काखेत तिची वळकटी.

"तुझी जागा कुठं गं?" सुईणीने विचारलं.

आक्काने इकडेतिकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "माझं काय, मी पडेन कुठंही."

"कुठंही म्हणजे कुठं?"

तांबटाने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, त्याच वेळी बायकोने माजघराकडे. स्वयंपाकघरात चूल, पाण्याच्या घागरी आणि मांजराचा कोनाडा. माजघर धान्याच्या कणग्यांनी भरलेलं. दोन्हीकडे पाय पसरायला जागा नव्हती.

सुईणीने काठी जमिनीत रोवली. "बरं, नव्याचं राहू दे. आता जुन्या घरात ही झोपते कुठं?"

"चुलीपाशी," तांबट म्हणाला.

"छे, ओटीवर," त्याची बायको म्हणाली.

"आत्या कोठीत झोपते ना?" मुलगा म्हणाला.

आणि तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला निजलेलं त्यांच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं. ती सगळ्यांनंतर आडवी व्हायची आणि सगळ्यांआधी उठायची. सांगतानाही माझी जीभ अडखळते. एका छपराखाली जन्म गेला, आणि एवढंही ठाऊक नाही?

"शेवटचं काम जिथं संपेल तिथं," आक्का हळूच म्हणाली. ती काही गाऱ्हाणं सांगत नव्हती. पण स्वतःच्याच तोंडून ते ऐकून तीही दचकली. तिने रेघांकडे पाहिलं. साऱ्या तिच्या हातच्या होत्या, आणि ओढताना तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तांबट धावला. मूठभर राख घेऊन त्याने गोठ्याला लागून घाईघाईने एक चौकोन काढला. "ही बघ आक्का, ही तुझी खोली. चुकून राहिली होती."

आक्काने त्या वाकड्यातिकड्या चौकोनाभोवती एक फेरी मारली.

"अरे, याला दार नाही ठेवलंस," ती म्हणाली.

तांबटाच्या मुठीतली उरलेली राख गळून पडली.

"माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, पोरी," सुईण म्हणाली. "लहान आहे, पण दार आहे. नियम गावाचा, मर्जी तुझी."

आक्काने तिघांच्या वळकट्यांकडे एकवार पाहिलं. माझ्या खोलीत ये, असं कुणी म्हणेल याची ती वाट बघत होती की काय, कोण जाणे. तांबट खाली बसून सांडलेली राख गोळा करू लागला. मग तिने वळकटी सावरली आणि रीतीप्रमाणे, एकही रेघ न मोडता, दारातून सुईणीमागोमाग बाहेर पडली.

पुढे घर उभं राहिलं. ओटी ऐसपैस झाली, पण तिच्यावर मांडलेली भांडी काळवंडलेली असत आणि गिऱ्हाईक बाहेरूनच परत फिरे. वास्तुशांतीला आक्काला मानाचं बोलावणं गेलं. ती आली. तिला पाहुण्यांच्या खोलीत बसवलं. त्या घरात पहिल्यांदाच तिचं ताट कुणीतरी वाढलं. वाढणारा तांबटच होता.

"आक्का, ही खोली तुझीच समज. राहा आता," तो डोळे पुसत म्हणाला.

ती पोटभर जेवली. घर छान झालंय म्हणाली. आणि दिवेलागणीच्या आधी, पाहुण्याने उठावं तशी उठून आपल्या घरी गेली.

तात्पर्य: घर आखण्याआधी घरातली माणसं आठवावीत; जे माणूस सदा हाताशी असतं, त्याचीच जागा आपण आधी विसरतो.